ड्रायव्हरला पडवीत चहा

नाशिक
११ डिसेंबर २०२५

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आज अकरा डिसेंबर. दरवर्षी या तारखेला सकाळी सातच्या आत आईचा फोन येतो. १९६७ च्या त्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा चिपळूणच्या घरात मांडणीवरची भांडी एकामागून एक कशी खाली आली, आजोबांनी तुम्हा भावंडांना अंथरुणासकट अंगणात कसं ओढलं, हे सगळं मला नव्यानं ऐकावं लागतं. पाठ झालंय मला. कळशी आधी पडली की परात, यावर मी आता परीक्षा देऊ शकते.

यंदा फोन आला नाही. नऊला मी केला तर बाबांनी उचलला आणि म्हणाले, "आई आंघोळीला गेलीय." अकराला केला, तरी आई आंघोळीलाच. तेव्हा म्हटलं, पत्रच लिहावं. पत्राला तरी असं परत पाठवता येत नाही.

रविवारी मी आणि दादा मिळून जे बोललो त्याचा राग आलाय, हे कळलं मला. "आई, आता गाडी बस झाली. लायसन जानेवारीत संपतंय, ते संपू दे," असं आम्ही म्हणालो आणि तू म्हणालीस, "बरं." तुझं भाजीवाल्याला म्हटलेलं 'बरं' वेगळं, बाबांना म्हटलेलं वेगळं. हे तिसरंच होतं. सासूबाईंना म्हणायचीस तसलं.

आमची बाजू आधी सांगते. गेल्या महिन्यात उंब्रजहून येताना तिन्हीसांजेला उसाच्या उभ्या ट्रॉलीवर गाडी घातलीस. मागे ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर, सगळं मान्य. वेग कमी होता म्हणून बॉनेटवर भागलं. पण आम्हाला ते गॅरेजवाल्याकडून कळावं? आणि बाबा, "म्हैस आडवी आली" हे तुम्ही रचलेलं. म्हशीनं आडवं येऊन बॉनेटला उसाचं चिपाड अडकवलं का? इतिहासाच्या मास्तरांना इतका कच्चा पुरावा शोभत नाही.

पण रविवारपासून माझ्याही डोक्यातून एक गोष्ट जात नाहीये, ती आपली फियाट.

फियाट आपण म्हणायचो. आरसी बुकात नाव प्रीमियर पद्मिनी, १९७९ चं मॉडेल. जून १९९१ मध्ये घेतली. डॉक्टरांचा मारुतीचा नंबर लागला होता आणि जुनी गाडी त्यांना ओळखीच्या घरी द्यायची होती. ३८ हजार. त्यातले २० हजार शिक्षकांच्या पतपेढीचं कर्ज, बाकीचे कुठून आले ते मला अजूनही कोणी नीट सांगितलेलं नाही. गाडी दारात येऊन दीड महिना झाला नाही तोच २४ जुलैला मनमोहनसिंगांनी बजेट मांडलं आणि पेट्रोल एकदम वीस टक्क्यांनी वाढलं. बाबा, तुम्ही रेडिओ बंद केलात आणि बराच वेळ गाडीकडे बघत ओट्यावर बसून राहिलात. देशाच्या अर्थव्यवस्थेचं पुढं काय झालं ते जगाला माहीत आहे. आपल्या घरात त्या दिवसापासून गाडी फक्त तीन कारणांसाठी निघेल असं ठरलं: दवाखाना, लग्न आणि चिपळूण.

मी आता बँकेत वाहनकर्जाच्या टेबलावर बसते. पहिली गाडी घेणारा अर्जाआधीच ओळखू येतो, कारण तो बायकोला आणि बहुतेक वेळा आईलाही घेऊन येतो. अर्जात कर्जदार, जामीनदार, उत्पन्न, सगळे रकाने असतात. गाडी कोण चालवणार, हा रकाना नसतो. तो आपल्या घरातही कोणी धरला नव्हता. बाबा चालवणार, यात विचारायचं काय?

बाबा चालवत होते साधारण दोन महिने. त्या दोन महिन्यांत आम्हाला गाडीचा सगळा इतिहास कळला. ती कुर्ल्याच्या कारखान्यात बनली, कारखाना काढणारे वालचंद हिराचंद आपल्या सोलापूरचे, १९७४ पासून तिचं नाव पद्मिनी, म्हणजे चितोडची राणी. त्यामुळे पावसाळ्यात ती सकाळी चालू होईना आणि दादा आणि मी मागून ढकलायला लागलो की तुम्ही म्हणायचात, "राणीला धक्का मारायचा नसतो रे, विनंती करायची असते." विनंती आम्ही करायचो, चिखल आमच्याच अंगावर उडायचा.

मग तो ऑगस्टमधला रविवार. साताऱ्याच्या रस्त्याला लागलो, डाव्या हाताला वसंतगड दिसला, त्याच्या पायथ्याला तळबीड, तळबीड म्हणजे हंबीरराव मोहिते, हंबीरराव म्हणजे ताराराणींचे वडील. ताराराणींपर्यंत तुम्ही आलात आणि गाडी उसात गेली. हळू, अगदी सन्मानानं, सरळ रांगेत घुसली. बैलगाडी नाही, वळण नाही, खड्डा नाही. आजी म्हणाली, "आलं का तळबीड?" शेतकरी धावत आला, काचेतून आत बघितलं आणि म्हणाला, "मास्तर, तोडीला अजून चार म्हैनं हायत की!" त्यानंच बैल लावून गाडी बाहेर काढली आणि वर आम्हा पोरांना एकेक कांडं हातात दिलं.

घरी आल्यावर तुम्ही किल्ली देवासमोर ठेवलीत आणि म्हणालात, "माझं लक्ष रस्त्यावर राहत नाही. हे काम माझं नव्हे." त्या वेळी मला याचं काही वाटलं नाही. आज वाटतं. कऱ्हाडात १९९१ साली एक हायस्कूलचा मास्तर, चाळीस पार केलेला, विद्यार्थ्यांना वचक असलेला, चारचौघांत हे बोलला. मी रोज टेबलापलीकडे जे नवरे बघते, त्यांतल्या किती जणांच्या तोंडून हे निघेल सांगता येत नाही.

चार दिवस किल्ली देवासमोरच होती. पाचव्या दिवशी आईनं दिवा लावताना ती उचलली.

तुला शिकवलं ते कारखान्याच्या जीपवरच्या ड्रायव्हरकाकांनी. विमानतळाच्या बाजूच्या मोकळ्या रस्त्यावर, सकाळी साडेपाचला, कोणी बघायला नको म्हणून. पहिले दोन दिवस मीही मागच्या सीटवर होते, कारण 'परपुरुषाबरोबर एकटी कशी' असं आजीचं म्हणणं. तेरा वर्षांची मी, अर्धी झोपेत. काकांचं एकच वाक्य आठवतं: "वहिनी, रस्ता डोळ्यानं बघायचा, पर गाडी कान देऊन चालवायची. ती आधी सांगती, मग बंद पडती."

आणि तुझी उंची पाच फुटांच्या आतली. समोरची सीट सलग बाकासारखी, ती पुढे ओढली तर आजीचे गुडघे डॅशबोर्डला. म्हणून तू खाली गोधडीची घडी घ्यायचीस, पाठीशी लोड, पदर खोचलेला, चपला सीटखाली. अनवाणी चालवायचीस. चप्पल घातली की पायाला काही कळत नाही म्हणायचीस. स्टिअरिंगखालचा तो हँडगिअर टाकताना डावा पाय क्लचवर जायचा आणि जोडवं पेडलवर वाजायचं. टक. गिअर पडायचा. पुन्हा टक. मी डोळे मिटून मागे पडलेली असले तरी नुसत्या आवाजावरून सांगू शकायचे की आता चढ आला, आता बाजार आला, आता घराचा बोळ. पुढे मी माझी पहिली गाडी घेतली तेव्हा आठवडाभर ती मला मुकी वाटायची. का ते उशिरा लक्षात आलं.

लायसनच्या परीक्षेला साताऱ्याला गेलीस, आठचा आकडा काढलास आणि पेढे घेऊन आलीस. गावातले लोक काय बोलले ते लिहीत नाही, तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आजीचं मात्र लिहायलाच हवं. आजी कोणाच्या आधी जाऊन पुढच्या सीटवर बसायची. बाबा मागे, आमच्यात. कोणीतरी बोळात विचारलं, "काय ओ, सून गाडी चालवती व्हय?" तर आजी मिश्रीचं बोट तोंडातून काढून म्हणाली, "मग? मी चालवू?"

आता मे १९९२.

आपण कऱ्हाडहून पहाटे निघालो. मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर. तिथं धरणाकडे बघत आईनं भांड्यांची गोष्ट सांगितली, पण त्या दिवशी नजर रस्त्यावर ठेवून, त्यामुळे गोष्ट निम्म्यातच संपली. एसटीत मला हेळवाकपासून नाकाशी लिंबू धरून बसावं लागायचं. त्या दिवशी लिंबू पिशवीतच राहिलं. कुंभार्ली घाटाच्या तोंडाशी तू गाडी थांबवलीस, खाली उतरून चारी टायरांना पाय लावून बघितलंस आणि परत बसलीस. "ज्या गिअरात चढायचं त्याच गिअरात उतरायचं," एवढंच पुटपुटलीस आणि खालपर्यंत एक शब्द बोलली नाहीस. बाबासुद्धा गप्प होते. असं आधी आणि नंतर कधीच घडलेलं नाही.

चिपळूणला घराच्या आगरात गाडी शिरली तेव्हा आजोबा पडवीत झोपाळ्यावर होते. त्यांची नजर तेव्हा अधू झालेली. फणसाखाली गाडी उभी राहिली, मागून बाबा उतरले, दादा उतरला, मी उतरले, पुढून आजी उतरली. आजोबांनी व्याह्यांच्या घरची माणसं बघून उठून नमस्कार केला, पाणी आणायला सांगितलं, आणि मग गाडीकडे हात करून स्वयंपाकघराकडे ओरडले, "आणि ड्रायव्हरला पडवीत चहा द्या हो!"

कोणी काही बोललं नाही. मामीनं खरंच कपबशी आणली. आणि तू सीटखालून चपला काढल्यास, घातल्यास, पदर सोडून नीट केलास, येऊन पडवीच्या कडेला, जिथं भाड्याच्या गाडीचे ड्रायव्हर बसायचे बरोबर तिथं बसलीस आणि बशीत ओतून चहा प्यायला लागलीस. आजोबा दोन पावलं पुढे आले. वाकून बघितलं. "माई?" म्हणाले. तू म्हणालीस, "साखर कमी आहे."

आजोबांनी झोपाळा सोडला आणि ते तुझ्या शेजारी, तिथंच खाली, जांभ्याच्या पायरीवर येऊन बसले. आजी भाकरतुकडा घेऊन आली, आधी तुझ्यावरून ओवाळला, मग जरा विचार करून पुढच्या चाकावरूनही ओवाळला. मी पुढं कितीतरी लग्नं, सत्कार, निरोपसमारंभ बघितले, बाबांचा आदर्श शिक्षकाचा सोहळाही बघितला. पण कोणाचा मान म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर ती पायरी येते, बशीतला चहा फुंकणारी तू आणि शेजारी उघड्या अंगानं बसलेले आजोबा.

येताना मात्र आपण फार माज केला. मामाची दोघं पोरं धरून आत सात माणसं, डिकीत दोन पेट्या आंबे, कोकमाचा डबा, तांदळाचं पोतं आणि आजीच्या पायाशी पिकायला आलेला कापा फणस. भर दुपारी एकला घाट चढायचा. अर्ध्यात गेल्यावर बाबा काहीतरी सांगत होते आणि तू एकदम म्हणालीस, "गप्प बसा सगळे. ती खोकतेय." आम्हाला कोणालाच काही ऐकू आलं नव्हतं. तू गाडी कडेला घेतलीस, दादानं उतरून मागच्या चाकाला दगड लावला आणि त्याच क्षणी इंजिन बंद पडलं.

गाडीचा दोष नव्हताच तो. त्या काळच्या कार्ब्युरेटरच्या कुठल्याही गाडीला घाटात मे महिन्यात एवढं ओझं दिलं की हेच व्हायचं. इंजिनच्या धगीनं पंपातल्या पेट्रोलची वाफ होते, पंप नुसती वाफ ढकलत बसतो आणि पेट्रोल पुढे जात नाही. एअर लॉक म्हणायचे त्याला. ड्रायव्हरकाकांनी उपाय शिकवलेला होता: ओलं फडकं. तू बाबांच्या खांद्यावरचा पंचा ओढलास, फिरकीच्या तांब्यातलं पाणी त्यावर ओतलंस आणि बॉनेट उघडून पंपाला ती पट्टी गुंडाळलीस, अगदी ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावी तशी. पाणी चुर्र झालं. पुन्हा ओतलंस. प्यायला कोणालाच घोट दिला नाहीस, मामाचा धाकटा रडला तरी नाही. अर्धा तास आम्ही आंबे खात कठड्यावर बसलो आणि जंगली जयगड कुठल्या बाजूला असेल यावर बाबांचं व्याख्यान ऐकलं. मग तू बसलीस, चोक ओढला नाहीस, किल्ली फिरवलीस. टक.

पंचाला पेट्रोलचा वास कायमचा लागला. बाबा तोच पंचा पुढं वर्षभर आंघोळीला वापरत होते, याला काय म्हणावं.

गाडी दहा वर्षं राहिली. तळाचा पत्रा सडला, पावसात मागे बसणाऱ्याचे पाय भिजायला लागले, दोनदा पत्रा मारून झाला आणि मग ती गेली. त्या दिवशी तू गहू निवडत बसली होतीस, आधीच निवडून झालेला. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या, वीस वर्षांची मुदत संपली म्हणून, तेव्हा तू मला फोन करून फक्त एवढंच विचारलंस, "एकही नाही ठेवली का गं?"

तर आता मुद्द्याचं. रविवारी आम्ही वयाचं बोललो. चौऱ्याहत्तर, चौऱ्याहत्तर असं दादा चारदा म्हणाला, मी मान डोलावली, आणि ती तुला फोनवरही दिसली असणार. ते चुकलं. ट्रॉलीवर गाडी गेली ती वयामुळे नाही, डाव्या डोळ्यामुळे. उजव्याचा मोतीबिंदू काढून दोन वर्षं झाली, डाव्याचा तू आज-उद्या करत ढकलतेयस. तिन्हीसांजेला समोरून दिवे आले की तुला पांढरं दिसतं, हे तू स्वतः दिवाळीत बोललीस आणि लगेच विषय बदललास. कान तर तुझे अजून तसेच आहेत. दिवाळीतच माझ्या गाडीत बसून बोळाच्या तोंडाशी म्हणालीस, "मागच्या उजव्या चाकात काहीतरी घुमतंय." मी हसले. नाशिकला आल्यावर मेकॅनिकनं बेअरिंग काढून हातात दिलं.

म्हणून माझं म्हणणं असं. डोळा आधी. मी २६ ला येते, नाताळ धरून पाच दिवस रजा टाकलीय, ऑपरेशन तेव्हाच करू. डॉक्टर म्हणतील तेवढे दिवस गाडीला हात नाही. मग तो फॉर्म १-अ, डॉक्टरांची सही, आणि लायसन. मुदत संपल्यावरही वर्षभर नूतनीकरण करता येतं, त्याच्यापुढे गेलं की पुन्हा आठचा आकडा काढायला लावतील. (तू काढशीलच, पण समोरच्या साहेबांची दया येते.) आता साताऱ्यालाही जायला नको, कऱ्हाडचं स्वतःचं ऑफिस आहे. पाच वर्षांचं मिळेल. त्यापुढचं डॉक्टर नाही म्हणाले, तर नाही. ते मी म्हणणार नाही आणि दादाही नाही, त्याच्याशी माझं काल भांडून झालंय. तो महिन्याची रिक्षा लावून द्यायचं म्हणत होता. मी त्याला विचारलं, रिक्षावाला बाबांना वसंतगडापाशी मुकाट्यानं थांबू देईल का?

एक मात्र ऐकायचं. कारखाने चालू असेपर्यंत, म्हणजे उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर आहेत तोवर, सूर्य मावळला की गाडी घरात. डोळा झाला तरीही. हे मी मागत नाही, अट घालतेय. आणि बाबा, पुढच्या वेळी म्हैस आणू नका.

मे महिन्यात आपण चिपळूणला जाऊ. पडवी आता राहिली नाही, मामेभावानं तिथं ग्रिल लावून बंद केलीय, पण जांभ्याच्या पायऱ्या आहेत. गाडी तू चालवायची. घाटातही तूच, मी शेजारी बसेन, आणि आजीसारखी आधी जाऊन जागा धरेन. बाबा मागे. फिरकीचा तांब्या माळ्यावर आहे तो काढून ठेवा. त्याची फिरकी घट्ट बसत नाही, मागच्या खेपेला माझी पर्स भिजली होती, तेवढी बाबांनी बघावी.

पत्र पोचेल तेव्हा फोन करते, सकाळी सातच्या आत. आंघोळ आधी उरकून घे. कळशी आधी पडली की परात, ते यंदा राहिलंय.

तुमची,
धाकटी